ढोल्याचं दार

ढोल्याने दार उघडलं नाही, पोथीने उघडलं. आमच्या खेळाचे नियम मी पाचव्यांदा लिहायला घेतले ते या एका दारापायी.

ढोल्या हा 'खारवाट' या आमच्या घरगुती खेळातला हमाल, माझा भाऊ खेळतो ते पात्र. बळ १७. त्याच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, भावाने लिहून ठेवलंय, 'उंट बसला तर उठवत बसत नाही, उचलतो.' पोथी ही नकाशे वाचणारी म्हातारी. बळ ६, काठीशिवाय दोन पावलं टाकत नाही. समोर गंजून घट्ट बसलेलं लोखंडी दार, आणि ते उघडायला मी ठरवलेला आकडा १५. भावाने वीस बाजूंचा फासा टाकला. ४ पडले, १७ बळाबद्दल नियमाने मिळणारे ३ मिळवून ७. दार ढिम्म. मग पोथी खेळणारी मैत्रीण आपली गंमत म्हणून म्हणाली, "मी जरा टेकू का दाराला?" फाशावर १९. अशक्तपणाचे २ वजा करून १७. दार उघडलं.

सगळे खदाखदा हसले. भाऊही हसला, पण सेशन संपल्यावर फासे डब्यात भरताना म्हणाला, "ताई, मग १७ लिहून मला मिळालं काय?"

रात्री वहीत हिशेब मांडला. १५ गाठायला ढोल्याला फाशावर १२ किंवा त्याहून जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी नऊ बाजू. ४५ टक्के. पोथीला १७ किंवा जास्त, म्हणजे चार बाजू. २० टक्के. ढोल्या हरणार आणि लगेच पोथी जिंकणार, हे दोन्ही मिळून ११ टक्के. साधारण दर नऊ दारांमागे एक दार हमालाला हाकलून म्हातारीला वाट देणार. याहून वाईट म्हणजे, ढोल्या आणि पोथी यांच्यातला सगळा फरक १२ ते १६ या पाच बाजूंत मावतो. उरलेल्या पंधरा बाजूंना दाराशी कोण उभं आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

मी हे आकडे स्वतः बसवले होते. निदान बसवले असं मला वाटत होतं.

'खारवाट' हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ. आटून गेलेल्या समुद्राच्या तळावरून मिठाचे तांडे जातात, आणि खेळाडू त्या तांड्यातली माणसं असतात. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट मांडणारी आणि निवाडा देणारी. खेळणारे चार जण: भाऊ, गणित शिकवणारी मैत्रीण, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारा एक मित्र आणि एक फारच कमी बोलणारा मित्र. तपासणारा मित्र नियम वाचतो ते ते कुठे फुटतात हे शोधायला. त्याला खेळात घेतलं तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. आता त्याच्याशिवाय नियम लिहायचा धीर होत नाही.

पहिल्या खर्ड्यात आठ गुण होते. बळ, चपळाई, दम, नजर, बुद्धी, जिगर, वाणी आणि नशीब. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. ३ ते १८. हे कुठून आलं हे सांगायची गरज नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने सहा गुण आणि तीन फासे दिले, आणि तेव्हापासून घरी खेळ बनवणारा प्रत्येक जण आधी तोच साचा घेतो आणि मग त्यात दोन गुण वाढवून आपण काहीतरी नवीन केलं असं समजतो. मीही तेच केलं. गुणाच्या आकड्यातून १० वजा करा, निम्मे करा, खालच्या पूर्णांकावर आणा आणि वीस बाजूंच्या फाशात मिळवा, हे सूत्र त्याच खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतून उचललं.

जुनं धुंडाळताना एक गोष्ट सापडली आणि मजा वाटली. त्या पहिल्या आवृत्तीत बळ जास्त असल्याने योद्ध्याचा वार काही जास्त लागत नसे. आपल्या वर्गाला, म्हणजे पात्राच्या प्रकाराला, साजेसा गुण चांगला असेल तर पात्राची बढती ज्यावर होते ते अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळत, एवढंच. लढाईत बळाचा फायदा आला तो पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. म्हणजे आधी आकडा आला आणि त्याचं करायचं काय हे मागाहून ठरत गेलं. माझंही तसंच झालं होतं. फरक इतकाच की मला ते ठरवायला चार खर्डे लागले आणि तरी ठरलं नव्हतं.

तीन फाशांबद्दल गणितवाली मैत्रीण पहिल्या दिवसापासून कुरकुरत होती. तीन फाशांच्या २१६ शक्यता. त्यातल्या १०४ मध्ये बेरीज ९ ते १२ येते, म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं मधल्या चार आकड्यांत. १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक. "तू १६ आकड्यांची पट्टी दिलीस आणि निम्मी माणसं त्यातल्या चारच आकड्यांवर उभी केलीस," हे तिचं म्हणणं. मी तेव्हा म्हटलं होतं की खऱ्या आयुष्यातही बहुतेक माणसं मधलीच असतात. बरोबर होतं, पण निरुपयोगी होतं.

खरं तर उत्तर माझ्या रोजच्या कामात पडलेलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूचं बळ तपासताना आम्ही ० ते ५ अशी श्रेणी लिहितो. ० म्हणजे स्नायूत काहीच नाही. १ म्हणजे बोटाखाली नुसती फडफड लागते, सांधा हलत नाही. २ म्हणजे हात टेबलावर आडवा ठेवला, वजन काढून घेतलं, तर सरकतो. ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला जातो. ४ म्हणजे मी थोडा दाब दिला तरी टिकतो. ५ म्हणजे पुरता जोर लावला तरी हटत नाही. ही पट्टी मी इतक्या वेळा वापरली आहे की तिच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. दाराच्या घटनेनंतर दोन दिवसांनी एका पेशंटच्या कागदावर ३ लिहिलं आणि पेन थांबलं. या ३ चा अर्थ मला माहीत होता. दुसऱ्या कुणी वाचला तरी त्यालाही तोच अर्थ कळला असता: हा माणूस हात उचलू शकतो, पण हातात पाण्याचा तांब्या देऊ नका. प्रत्येक आकड्यामागे एक वाक्य आहे. आणि ढोल्याच्या १७ मागे? काही नाही. १६ पेक्षा एक जास्त आणि १८ पेक्षा एक कमी, एवढंच.

त्या रात्री बळाच्या पट्टीसाठी पाच वाक्यं लिहिली.

० – स्वतःचं बोचकं स्वतःला जड.
१ – वाटेचं सामान नेतो, कुरकुरत.
२ – जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन मुक्कामापर्यंत पोचतो.
३ – जिथे दोघं लागतात तिथे एकटा पुरतो.
४ – जे एका माणसाने हलू नये ते हलवतो.

आणि खाली नियम: वाक्यात बसत असेल तर फासे नाहीत, काम झालं. वाक्याच्या फारच बाहेर असेल तरी फासे नाहीत, काम होणार नाही. फासे फक्त त्या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात.

हे लिहून झाल्यावर फासेही बदलले. जितकी श्रेणी तितके सहा बाजूंचे फासे हातात घ्यायचे, टाकायचे, आणि त्यातला सर्वांत मोठा बघायचा. ६ आला तर हवं ते मिळालं. ४ किंवा ५ आला तर मिळालं, पण काहीतरी मोजून. ३ पर्यंत असेल तर गोष्ट बिघडली. श्रेणी ० असेल तर दोन फासे टाकून लहान घ्यायचा. ही युक्ती माझी नाही, मूठभर फासे टाकून मोठा निवडणारे खेळ बरेच आहेत. मला ती भावली ती हातामुळे. ढोल्या खेळताना भावाच्या मुठीत चार फासे खुळखुळतात. पोथीचे दोन फासे पडतात तेव्हा सगळे त्यातल्या लहान फाशाकडे बघतात. गुण कागदावरून तळहातावर आला.

गणितवालीने लगेच पेन्सिल काढली. एका फाशावर बिघडण्याची शक्यता ५० टक्के, दोनांवर २५, तीनांवर साडेबारा, चारांवर सव्वासहा. दर फाशाला निम्मी. ६ मिळण्याचं मात्र तसं नाही: एकावर १७ टक्क्यांच्या आसपास, दोनांवर ३१, तीनांवर ४२, चारांवर ५२. "म्हणजे तुझा पहिलवान बिघडवत जवळजवळ नाहीच," ती म्हणाली, "पण दहातल्या चार वेळा त्याला काहीतरी मोजावं लागतं. हे चांगलंय." तिच्याकडून 'चांगलंय' ऐकायला मला चार खर्डे लागले होते.

तपासणाऱ्या मित्राने विचारलं, "३ आणि ४ च्या मधलं काय?" मला हसू आलं. आमच्या स्नायूंच्या श्रेणीचंही नेमकं हेच दुखणं. ४ इतका ऐसपैस आहे की लोक त्याला अधिक-उणे चिन्हं लावतात. मी म्हटलं, मधलं काही नाही. एकदा अधिक-उणे सुरू झालं की पुन्हा १७ वर येऊन पोचू.

आता बाकीचे गुण. नशीब सगळ्यात आधी काढलं. ते कधी वापरत होते? जेव्हा मला काय होईल ते सुचत नसे तेव्हा. "नशीब टाक." हा गुण पात्राचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

चपळाईचं प्रकरण अवघड होतं. मी मागच्या काही सेशन्समध्ये प्रत्येक गुणापुढे रेघा मारत होते, किती वेळा कामी आला ते बघायला. चपळाईपुढे रेघांचं कुंपण उभं राहिलं होतं. बाण मारायचा, चपळाई. बाण चुकवायचा, चपळाई. लपायचं, कुलूप उघडायचं, दोरावर चालायचं, आधी वार कोण करणार, खिसा कापायचा, सगळीकडे तीच. दमापुढे दोन रेघा, त्याही मी मुद्दाम ओढूनताणून आणलेल्या. तपासणाऱ्या मित्राची चोर टिटवी, चपळाई १८, बाकी सगळं सात-आठ, आणि तरी तिचं कुठेच अडत नव्हतं. त्याने हे पात्र मुद्दाम तसं बनवलं होतं. मला काहीतरी दाखवून द्यायला.

इथेही धंद्याचं ज्ञान कामाला आलं. बोटांनी बारीक काम करणं आणि एका पायावर तोल सांभाळणं या दोन गोष्टींना एकच शब्द लावणारा माणूस आमच्याकडे तपासणीला बसला तर त्याला मी आधी शर्टाची बटणं लावायला सांगेन आणि मग एका पायावर उभं करेन. घड्याळजी काही डोंबारी नसतो. म्हणून चपळाई फोडली आणि 'हात' आणि 'पाय' असे दोन गुण केले. कुलूप, बाण, गाठी, टाके हे हाताकडे. पळणं, लपणं, चढणं, चुकवणं हे पायाकडे. चढण्यावर वाद झाला, त्यात हात नाहीत का म्हणून. आहेत. पण भिंतीवर चढणारे नवखे हातांनी ओढत बसतात आणि मुरलेले पायांनी ढकलतात, असं मी ठासून सांगितलं आणि विषय मिटवला.

मिटला नाही. टिटवीचे १८ दोन ठिकाणी वाटायचे म्हटल्यावर तपासणाऱ्या मित्राचा चेहरा पडला. इतरांच्या नियमांत भगदाडं शोधणाऱ्या माणसाला स्वतःचं भगदाड बुजलेलं आवडत नाही. "माझी चोर अर्धी केलीस," म्हणाला. दोन दिवस बोलला नाही. मग निरोप आला: 'पाय ४, हात १. टिटवी घरात शिरेल. पेटी उघडणार नाही. पेटी घेऊनच पळेल.' मला वाटतं टिटवी त्या क्षणी पहिल्यांदा माणूस झाली. आधी ती नुसती बेरीज होती.

दमावर मी सगळ्यात जास्त वेळ अडले. भावाचं म्हणणं होतं की बळात मिसळून टाक, कोण विचारतंय दमाला. मी तयार नव्हते. एकदाच मोठं वजन उचलणारा आणि तासन् तास चालत राहणारा ही दोन वेगळी शरीरं असतात, मी ती रोज बघते. पण टेबलापाशी खरं काय आहे यापेक्षा कोण काय मागतो हे महत्त्वाचं. "मी दम वापरतो" असं कुणी कधी म्हणत नाही. "मी ढकलतो", "मी पळतो", "मी समजावतो" असं म्हणतात. दम हा असा गुण होता की तो खेळाडू मागत नसे, मीच त्याच्यावर लादत असे. तू तहानलायस, दम टाक. विष चढतंय, दम टाक. दर वेळी वाईट काहीतरी होण्याआधीचा फासा. त्यात कुणाला कशाला पैसे भरल्यासारखे गुण भरावेसे वाटतील?

जिगरीचंही हेच. "तुला भीती वाटते, जिगर टाक. ३? मग तू पळतोस." आणि खेळाडू माझ्याकडे असं बघतो की जणू मी त्याच्या हातातून त्याचं पात्र काढून घेतलं. घेतलंच होतं म्हणा.

मग एके दिवशी कामावर एका आजोबांना जिने चढायला लावत होते. मध्येच थांबले, कठडा धरला आणि म्हणाले, "थांब बाई, जरा दम खाऊ दे." वर पोचल्यावर छाती काढून म्हणाले, "बघितलंस? अजून दम आहे म्हाताऱ्यात!" एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि आजोबांना त्यात काही फरक वाटत नव्हता. छातीतला श्वास तोही दम, आणि छातीचा कोट करून उभं राहणं तोही दमच. दम लागतो, दम धरतो, दम टिकतो, दम देतो, दम निघतो. मी आठ गुणांच्या यादीत हा एक शब्द दोन ठिकाणी तोडून ठेवला होता आणि एका तुकड्याला जिगर असं नाव दिलं होतं.

आणि आणखी एक. दम ही मुळात खर्चायची वस्तू आहे. बळ वापरलं म्हणून दारापाशी कमी होत नाही, दम होतो. १९७७ सालच्या 'ट्रॅव्हलर' या खेळात जखम झाली की ती थेट बळ, चपळाई आणि सहनशक्तीच्या आकड्यांतून वजा होते, हे मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग आता सुचला. दम गुणांच्या यादीतून काढला आणि शीटच्या खाली पाच चौकोन आखले. एक चौकोन खोडायचा, एक फासा जास्त घ्यायचा. भीती समोर आली तर मी फासा मागत नाही, सौदा मांडते: पळालास तर एक चौकोन परत, उभा राहिलास तर एक खोड. पात्र काय करणार हे खेळाडूच ठरवतो, फक्त आता त्याची किंमत दिसते.

ज्या गुणापुढे दोन रेघा होत्या त्याच्याबद्दल आता सगळ्यात जास्त बोललं जातं. "किती दम उरलाय?" हे वाक्य दर सेशनमध्ये कानावर येतं, आणि ते नियमाचं वाक्य वाटतच नाही.

अर्थात तपासणाऱ्या मित्राला भोक सापडायला एक सेशन पुरला. पहिल्याच अडचणीत त्याने चार चौकोन खोडले, पाच फासे टाकले, ६ आणला आणि म्हणाला, "आता मुक्काम करू. झोपलं की दम भरतो ना?" एक कुलूप, एक झोप. मी दोन-तीन उपाय लिहिले आणि खोडले: दिवसातून एकदाच झोप, झोपेतून निम्माच दम, असलं शाळेच्या नियमांसारखं काहीतरी. मग वाटलं, आपण कुठे खेळतोय? वाळलेल्या समुद्रावर. जो मुक्काम करेल तो पाणी पिईल. प्रत्येक मुक्काम म्हणजे तांड्याच्या साठ्यातून एक दिवसाचं पाणी. बस. त्यानंतर टिटवी झोपेबद्दल बोलली नाही. उलट गणितवाली मैत्रीण पाण्याचा हिशेब ठेवते आणि सगळ्यांवर डोळे वटारते.

नजर आणि बुद्धीबद्दल फार लिहीत नाही. नजर ठेवली, पण एक बंधन मी स्वतःवर घातलं. गोष्ट पुढे जायला जी खूण दिसायलाच हवी ती दिसते, तिला फासे नाहीत. फासा पडतो तो दिसायला किती वेळ लागला आणि तोवर तुला कुणी पाहिलं का यासाठी. नाहीतर चौघंही ४ च्या खाली टाकतात आणि मी पुढचा अर्धा तास खूण पुन्हा पुन्हा त्यांच्या पायाखाली सरकवत बसते. बुद्धीचं नाव बदलून 'डोकं' केलं, कारण 'माझी बुद्धी १ आहे' असं म्हणायला लोकांना लाज वाटते आणि 'माझं डोकं १ आहे' म्हणताना हसू येतं.

वाणीपाशी मात्र थांबायला हवं, कारण तिथे चूक नियमाची नव्हती, आमची होती.

कमी बोलणाऱ्या मित्राचं पात्र म्हणजे मखमल नावाचा सौदागर. वाणी १६. तिखट माणसाला गोड करणारा, वैऱ्याकडून उधारी आणणारा. चार खर्डे झाले, कितीतरी सेशन्स झाले, आणि मखमलने एकही सौदा पटवला नव्हता. कारण काय? सौद्याची वेळ आली की मी म्हणायचे, "बोल, काय म्हणतोस त्याला?" आणि माझा मित्र, जो खऱ्या आयुष्यात फोन उचलायच्या आधी दोन वेळा मनात वाक्य म्हणून बघतो, तो टेबलाकडे बघत पुटपुटायचा, "म्हणजे... मी त्याला समजावतो." मग मी म्हणायचे, "हो, पण कसं?" तेवढ्यात भाऊ, ज्याच्या ढोल्याची वाणी ५ होती, मध्येच उडी मारून असं फर्डं भाषण ठोकायचा की मी बिनफाशाचं सगळं देऊन टाकायचे. मला ते भाषण आवडायचं ना.

भावाला दार उघडताना मी कधी म्हटलं नाही, "आधी हे टेबल उचलून दाखव." टिटवीला कुलूप उघडताना खरं कुलूप हातात दिलं नाही. फक्त वाणीवाल्याची परीक्षा मी खऱ्या जगात घेत होते. हे लक्षात आलं तेव्हा मला फार लाज वाटली, कारण तो दर वेळी यायचा, बसायचा, आणि दर वेळी आपल्या गोडबोल्या पात्राला मुका झालेला बघून जायचा. त्याने एकदाही तक्रार केली नाही. करणार कसा?

नवा नियम असा: वाणी वापरताना शब्द सांगायचे नाहीत, दोन गोष्टी सांगायच्या. तुला काय हवंय, आणि समोरच्याचं काय तुझ्या हातात आहे. गरज, भीती, हेवा, जुनं देणं, काहीही. बोलून दाखवायची हौस असेल तर दाखवा, पण त्याचे फासे मिळणार नाहीत. आणि ज्याची वाणी ० त्याने कितीही सुंदर भाषण ठोकलं तरी फासे दोनच, आणि त्यातला लहान.

पहिल्यांदा वापरला तेव्हा तांडा एका विहिरीपाशी अडला होता. राखणदार पाणी देईना. भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात कमी बोलणारा मित्र म्हणाला, "मला सहा पखाली हव्यात. त्याचा मुलगा आपल्याच तांड्यातून पळून आलाय, हे मला माहीत आहे. त्याच्या मालकाला माहीत नाही." इतकं सरळ. टेबलावर कुणीच बोललं नाही. त्याने तीन फासे उचलले, टाकले, ६ आला. राखणदाराने पखाली भरल्या. भाऊ हळूच मला म्हणाला, "हा माणूस भयंकर आहे गं." मित्र हिशेबाच्या कागदावर पाण्याचे सहा दिवस लिहीत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

जुनी पात्रं नव्या पट्टीवर आणायला एक आख्खा सेशन गेला. ६ पर्यंत ०, ७ ते १० ला १, ११ ते १३ ला २, १४ ते १६ ला ३, वर ४, असं मी ठरवून आणलं होतं. कुणी त्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी वाक्यं वाचली आणि आपलं वाक्य निवडलं. गणितवालीने पोथीला पायात ० घेतला, जुन्या आकड्याने १ येत असूनही. "ती काठी घेऊन चालते," म्हणाली, "हे माझ्या वर्णनात पहिल्यापासून होतं, तुझ्या नियमात नव्हतं." भावाने जुनी शीट फाडू दिली नाही. १७ वर एक रेघ मारली, बाजूला ४ लिहिले, आणि १७ दिसत राहील इतकी ती रेघ पातळ ठेवली.

आणि परवाच्या सेशनमध्ये पुन्हा एक लोखंडी दार आलं. मी मुद्दाम आणलं, कबूल करते. भाऊ मागे रेलून म्हणाला, "चार. उघडतो." मी म्हटलं, "उघडलंस."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. भावाच्या मुठीत चार फासे तसेच होते. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "एवढंच? मला टाकायचे होते गं."

याचा मी विचारच केला नव्हता. इतकी वर्षं दार उघडेल की नाही या धास्तीतच मजा होती, आणि ती मी नियमानेच काढून घेतली होती. मी वही चाळायला लागले. तेवढ्यात मखमल, म्हणजे कमी बोलणारा मित्र, म्हणाला, "आत काहीतरी झोपलंय ना? मग आवाज न करता उघड की." वाक्यात हलवण्याचं लिहिलं होतं, गुपचूप हलवण्याचं नव्हतं. मी मान डोलावली. भावाने फासे टाकले: २, ५, २, ३. मोठा ५. म्हणजे मिळालं, पण मोजून.

दार आवाज न करता निघालं. बिजागऱ्यांसकट निघालं. आता ते जड लोखंड ढोल्याच्या दोन हातांत आहे, खाली ठेवलं की दणका होणार, आणि दमाचे दोनच चौकोन उरलेत. वेळ संपली म्हणून आम्ही तिथेच थांबलो. पुढच्या सेशनपर्यंत ढोल्या दार धरून उभा आहे.